टाकीतला कंद

रविवारी सकाळी सेक्रेटरी टेकडीवरून परतले, तेव्हा खांद्यावर पिशवी होती, बुटांना चिखल होता आणि चेहऱ्यावर मुलूख जिंकून आल्याचं तेज होतं. पिशवी त्यांनी थेट स्वयंपाकाच्या ओट्यावर उपडी केली. आतून मातीने माखलेले, केसाळ, वेडेवाकडे गोळे गडगडत बाहेर आले. त्यातला एक शेगडीखाली जाऊन बसला.

"हे काय आणलंत?" बायकोने विचारलं.

"रानकंद."

"जिवंत आहेत का?"

हा प्रश्न सेक्रेटरींनी ऐकलाच नाही. न ऐकणं ही त्यांची कमावलेली विद्या होती. चार मजली इमारतीची सोसायटी ज्याने सांभाळली आहे, त्याला ती येतेच. त्यात नोकरी विमा कंपनीत, दावे तपासून जमतील तेवढे नामंजूर करायची. 'सदर नुकसान दावेदाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाले असल्याने' हे वाक्य ते झोपेतसुद्धा न अडखळता म्हणू शकत. इमारतीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळ्यांचे ते 'सेक्रेटरी'.

त्यांच्याच खालच्या मजल्यावर त्यांच्याआधीचे सेक्रेटरी राहत. त्यांना सगळे 'माजी' म्हणत. कशाचे माजी, हे सांगायची कोणाला गरज वाटत नसे, आणि नेमकी हीच गोष्ट माजींना सहन होत नसे. हे दोघेही दर रविवारी टेकडीवर फिरायला जाणाऱ्या मंडळात होते. मंडळाचे म्होरके म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांना झाडाझुडपांचा भारी नाद. त्या सकाळी डॉक्टरांनी एका वेलीखाली खणून कंद काढले आणि म्हणाले, "कडू असतो, पण नीट केला की नुसतं अमृत!" सगळे वा वा म्हणाले, प्रत्येकाने एकेक कंद आदराने हातात घेतला आणि उतरताना हळूच कठड्यावर ठेवून दिला. एकट्या सेक्रेटरींनी ते सगळे गोळा केले. एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण माजी मागून म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब फक्त नोटिसा चांगल्या शिजवतात." सगळे हसले. सेक्रेटरी जागच्या जागी वळले आणि बोलून गेले, "पुढच्या रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला. कंदाचा बेत!"

"जेवायला बोलावलंत," हे ऐकून बायको म्हणाली, "की शोकसभेला?"

डॉक्टरांनी कृती सांगितली होती. साल काढायची, पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकळायच्या आणि मग वाहत्या पाण्यात ठेवायच्या. मधे आणखीही काहीतरी ते म्हणाले होते, पण टेकडीवर वारा फार होता.

साल काढताना हातांना खाज सुटली. चकत्या करताना ती कोपरापर्यंत चढली. राख आणायची कुठून, हा पुढचा प्रश्न. गॅसच्या शेगडीला राख नसते, हे शास्त्रीय सत्य सेक्रेटरींना त्या दिवशी प्रथम जाणवलं. शेवटी त्यांनी गॅलरीत जुन्या तसराळ्यात सोसायटीच्या गेल्या वर्षीच्या नोटिसा जाळल्या. धूर वरच्या मजल्यावर गेला, वरून आरडाओरडा झाला, खालून माजींनी "आग कुठे लागली?" असं फार आशेने विचारलं. पण राख मिळाली. चकत्या उकळल्या. घरभर ओल्या घोंगड्यासारखा वास सुटला, आणि बायको बैठकीत जाऊन दार लावून बसली.

राहिलं वाहतं पाणी. सेक्रेटरींनी मोरीत चाळणी ठेवली, नळ बारीक सोडला आणि आरामखुर्चीत बसले. जरा वेळाने आतून नळ बंद केल्याचा आवाज आला.

"अगं, नळ का बंद केलास?"

"खाली बोर्डावर काय लिहिलंय? 'नळ वाहता ठेवणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.' सही कोणाची आहे?"

सही कोणाची आहे हे इमारतीत पोराटोरांनाही ठाऊक होतं. सेक्रेटरी खुर्चीत मागे रेलले. विचार करता करता त्यांची नजर छताकडे गेली, आणि माणसाचं वाटोळं करणाऱ्या कल्पना जशा अगदी सोप्या रूपात येतात तशी ती आली. गच्चीवरची टाकी! एका नळीने पाणी आत येतं, दुसरीने खाली जातं. म्हणजे वाहतं पाणीच की! वर झाकणाला कुलूप, आणि किल्ली सेक्रेटरींच्या खिळ्यावर. एवढ्या मोठ्या टाकीत चार चकत्या म्हणजे दर्यामे खसखस.

चकत्या भरायला फडकं सापडेना, तेव्हा त्यांनी कपाटातला उशीचा एक अभ्रा घेतला. त्यावर निळ्या दोऱ्याची पाखरं भरलेली होती, हे त्यांना दिसलं, पण जाणवलं नाही. संध्याकाळी बायको भाजी आणायला गेली तशी ते गच्चीवर गेले, अभ्र्याचं तोंड पायजम्याच्या नाडीने आवळलं, नाडीचं दुसरं टोक टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या दांडीला बांधलं, झाकण लावलं, कुलूप घातलं आणि शीळ घालत खाली आले.

सोमवारी सकाळी त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. चहा कडू होता! साधासुधा नाही, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा कडू. म्हणजे कंदाचा कडूपणा सुटायला लागला. डॉक्टरांची कृती अगदी बरोबर होती. या आनंदात त्यांनी दुसरा घोटही घेतला, आणि तो घशाखाली उतरता उतरता त्यांच्या लक्षात आलं, की या क्षणी हाच चहा इमारतीतल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी पीत असणार.

दारावरची घंटा वाजली.

दारात माजी उभे होते. हातात पाण्याने भरलेला पेला. मागे जिन्यावर शेजारीपाजारी, कोणाच्या हातात कप, कोणाच्या हातात दात घासायचा ब्रश. तिसऱ्या मजल्यावरचा व्यायामशाळेत जाणारा तरुण, ज्याला सगळे 'पहिलवान' म्हणत, तो रिकामी बाटली घेऊन उभा होता.

"सेक्रेटरीसाहेब, हे पाणी जरा चाखून बघा."

सेक्रेटरींनी खाजणारे हात पायजम्याच्या खिशात कोंबले होते. एक बाहेर काढणं भाग होतं. पेला घेतला. सगळी इमारत त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आता तोंड वाकडं केलं तर टाकी उघडा म्हणतील. टाकी उघडली तर संपलं. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी निव्वळ पदाच्या जोरावर आवरलं.

"मला तर काही वेगळं लागत नाही," ते म्हणाले. आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

"काही नाही लागत?" माजींनी त्यांच्या हाताकडे बघितलं. "हाताला काय झालंय?"

"डास."

"हं. रात्रभर टाकी भरून वाहतेय, तेही डासांमुळेच का? मी पहाटेच गच्चीवर जाऊन आलो. झाकणाला तुमचं कुलूप. आत काहीतरी पडलंय किंवा कोणीतरी टाकलंय. मी पाणीखात्याला फोन केलाय. साहेब येतायत. तोवर पुराव्याला कोणी हात लावू नये म्हणून गच्चीच्या दाराला मी माझं कुलूप घातलंय."

टाकीची किल्ली सत्ताधाऱ्याकडे आणि गच्चीची विरोधकाकडे. एकाला दुसऱ्याशिवाय काही करता येऊ नये, अशी ही व्यवस्था पुस्तकात वाचायला फार छान वाटते.

दार लावून सेक्रेटरी आत आले. बायको स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. तिने तिचा चहा मोरीत ओतला होता.

"अहो, माझा पाखरांचा अभ्रा कुठे आहे?"

सेक्रेटरींनी छताकडे बघितलं. बायकोनेही बघितलं. ती खुर्चीवर बसली आणि त्यानंतर एक शब्द बोलली नाही. ती ओरडली असती तर त्यांना पुष्कळ बरं वाटलं असतं.

त्यांनी दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर दवाखान्यात होते. मागे कसलंसं यंत्र घरघरत होतं आणि कोणीतरी कण्हत होतं.

"डॉक्टर, त्या कंदाचा कडूपणा... तो नुसता चवीलाच असतो ना?"

"नुसता कसा? तोंड मोठं उघडा. तुम्हाला नाही, पेशंटला सांगतोय. अहो, कडू आहे तेच तर विष. टेकडीवर सांगितलं होतं की मी!"

सेक्रेटरींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "वि... म्हणजे कितपत?"

"मळमळतं, चक्कर येते. जास्त गेलं तर वाईट. का, कोणी खाल्लं का?"

"खाल्लं नाही. प्यायलं."

"किती जणांनी?"

"इमारतीने."

फोनवर यंत्र बंद पडलं. पेशंटसुद्धा कण्हायचा थांबला. मग डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "पाण्यात विरघळलेलं असेल तर फार नसावं. पण म्हातारी माणसं असतील तर आधी त्यांना बघा. आत्ता. आणि आता कोणाला ते पाणी पिऊ देऊ नका."

ऑफिसात अशी फाइल टेबलावर आली असती तर सेक्रेटरींनी शेवटचा शेरा आधी लिहिला असता. पण आता फाइलमधला माणूस ते स्वतः होते. पायजम्यावरच ते जिन्याकडे धावले. लिफ्टची वाट बघायची शुद्ध नव्हती. प्रत्येक दार ठोठावून ते सांगत सुटले, "पाणी पिऊ नका! सगळे नळ सोडून द्या, टाकी रिकामी होऊ द्या! तब्येत कशी आहे? मळमळतंय का?" हा शेवटचा प्रश्न विचारायला नको होता. तोवर ठणठणीत असलेली माणसं पोटावर हात ठेवून विचारात पडली. पहिलवान तर जिन्यातच बसला. "मी उठल्या उठल्या दोन बाटल्या पितो," तो पांढरा पडून म्हणाला. "आत्तापर्यंत बरं वाटत होतं. आता नाही वाटत."

घराघरांतून नळ धो धो वाहू लागले. बोर्डावरची नोटीस त्या आवाजात एकटीच लटकत होती.

तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. सगळ्यांच्या त्या 'बाई'. एकट्याच असत, आणि रोज उठल्यावर तांब्याभर पाणी पिण्याचा त्यांचा नेम उभ्या इमारतीला पाठ होता, कारण तो पाळावा म्हणून त्या इतरांच्याही मागे लागत. सेक्रेटरींनी त्यांची घंटा वाजवली. आत रेडिओ चालू होता. दार उघडलं नाही. पुन्हा वाजवली. दाराशी चपला होत्या.

"बाई!" त्यांनी दार ठोठावलं. मग थापा मारल्या. मग दोन्ही मुठींनी बडवलं. आत निवेदक शांतपणे हवामान सांगत होता.

आवाज ऐकून माणसं जमली. माजीही आले. कोणी म्हणालं खिडकीतून बघा, कोणी म्हणालं अंघोळीला गेल्या असतील. बायकोही खाली आली होती.

"डॉक्टरला बोलवा," माजी म्हणाले. "चौकातला येईल लगेच."

"बोलावतो," कोणीतरी फोन काढत म्हणालं. "पण त्यांना सांगू काय? कशाने झालंय?"

सेक्रेटरी दाराकडे तोंड करून उभे होते. आपण गप्प राहिलो तर कोणाला कळणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. माजी नुसता संशय घेऊ शकत होते. टाकी अजून बंद होती, आणि नळ सोडल्यावर कडूपणाही वाहून जाणार होता. त्यांना हेही दिसत होतं, की आत बाई जमिनीवर पडलेल्या असतील, आणि डॉक्टरला कशाचं औषध द्यायचं ते ठाऊक नसेल.

"कंद," ते म्हणाले.

"काय?"

"पाण्यात रानकंद आहे. कडू. टेकडीवरचा. मीच टाकलाय टाकीत, काल संध्याकाळी. डॉक्टरला तेच सांगा. नीट सांगा."

फोन काढलेल्याने ते शब्द जसेच्या तसे डॉक्टरला सांगितले. माजींनी या क्षणाची कित्येक महिने वाट पाहिली होती. पण तो हातात आला तेव्हा त्यांना त्याचं काय करावं ते सुचेना. ते नुसतं "अरे देवा" म्हणाले.

"दार तोडा," सेक्रेटरी पहिलवानाला म्हणाले. "नुकसान माझ्या नावावर."

पहिलवान मळमळ विसरून उठला, मागे सरकला, धावत आला आणि त्याने खांद्याने दाराला धडक दिली. दार जुनं होतं, सागवानी होतं. ते जागचं हललं नाही. पहिलवान मात्र खांदा धरून खाली बसला.

"माझ्या दाराने कोणाचं काय घोडं मारलंय?"

सगळे वळले. फाटकातून बाई येत होत्या. हातात भाजीची पिशवी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट.

"बाई! तुम्ही बाहेर? चपला इथे, रेडिओ चालू..."

"चपला घालून चालू नका असं हाडांचे डॉक्टर म्हणाले. आणि चोर येऊ नये म्हणून रेडिओ चालू ठेवते. माणसं येतील हे कुठे माहीत होतं?"

"तुम्ही सकाळी पाणी प्यायलात?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तांब्याभर. रोजच्यासारखं."

"कडू नाही लागलं?"

"मधुमेहाची कडू पूड घालूनच पिते मी पाणी, गेली कित्येक वर्षं. आज मला वाटलं, पूड जरा ताजी आलीय." त्यांनी सेक्रेटरींकडे निरखून बघितलं. "तुम्ही रडताय की काय?"

"नाही," सेक्रेटरी म्हणाले, आणि तिथेच बाईंच्या उंबरठ्यावर मटकन बसले.

कोणाला त्रास नसेल तर यायची गरज नाही, असं चौकातला डॉक्टर फोनवर सांगत होता, तेवढ्यात फाटकातून पाणीखात्याचे साहेब आले. हातात पेटी, पेटीत काचेच्या बाटल्या. आल्या आल्या ते म्हणाले, "फाटकापर्यंत पाणी आमचं. फाटकाच्या आत आलं की तुमचं. तरी तक्रार आहे म्हणून आलोय. तक्रार सेक्रेटरींच्या सहीनेच लागते. सेक्रेटरी कोण?"

सगळ्यांनी उंबरठ्याकडे बोट दाखवलं.

"तुमची तक्रार कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. त्यांच्या नोकरीत अशी तक्रार पहिलीच असावी. तरी ते अनुभवी होते. "तसा नियम नाही असं नाही," ते सावधपणे म्हणाले. "चला वर."

गच्चीचं कुलूप माजींनी उघडलं, टाकीचं सेक्रेटरींनी. टाकी जवळजवळ रिकामी झाली होती, आणि नळीतून नवं पाणी आत येऊन तसंच खाली धावत होतं. साहेबांनी आत हात घातला आणि पायजम्याची नाडी ओढली. नाडीमागोमाग अभ्रा वर आला. निळी पाखरं पाणी गाळत उन्हात लोंबू लागली.

"ही तर वहिनींच्या हातची!" कोणीतरी म्हणालं.

वहिनींनी मान दुसरीकडे वळवली.

साहेबांनी पाणी तपासलं, बाटली भरली, कागद काढला. "पाणी आता ठीक दिसतंय. बाटली तपासणीला जाईल. तोवर सगळ्यांनी विकतचं पाणी वापरा. प्रश्न या पदार्थाचा आहे. माझ्या कागदावर दोनच रकाने आहेत. एक, 'विषारी पदार्थ'. तो भरला की कागद पोलिसांकडे जातो. दुसरा, 'खाद्यपदार्थ'. मग टाकी धुवायची आणि सक्त ताकीद घ्यायची."

"मधलं काही नाही?" सेक्रेटरींनी विचारलं.

"शासनाला मधलं काही माहीत नसतं. हे खाद्य आहे कशावरून?"

सेक्रेटरींनी अभ्र्याकडे बघितलं. पोलीस, चौकशी, मग ऑफिसात कळणार, मग सगळीकडे. 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.' ते म्हणाले, "खाऊन दाखवतो."

एवढी माणसं त्या स्वयंपाकघरात पूर्वी कधी आली नव्हती. जी मावली नाहीत ती बैठकीत खुर्च्यांवर उभी राहिली. साहेबांना ओट्याजवळ जागा दिली. पहिलवान खांद्याला बर्फ लावून दारात उभा. बाईंना स्टूल. बायकोने अजून तोंड उघडलं नव्हतं. तिने अभ्रा सोडला, एक चकती वर काढली, हुंगली, जिभेच्या टोकाला लावून पाहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळलं नाही. कढई ठेवली, तेल घातलं. चकत्या तेलात पडल्या तसा मोठा चर्र आवाज झाला आणि पुढे उभी असलेली सगळी माणसं एक पाऊल मागे सरली.

सेक्रेटरींनी दाराआड जाऊन डॉक्टरांना पुन्हा फोन केला होता. डॉक्टर म्हणाले होते, "टाकून द्या. आणि अगदीच खाणार असाल तर एकच तुकडा, आणि जराही कडू लागला तर लगेच थुंका." पण साहेबांसमोर थुंकलं की पहिला रकाना भरला जाणार. तेव्हा काहीही झालं तरी गिळायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. विम्याचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत ते बायकोला सांगावं असंही त्यांच्या मनात आलं, पण एवढ्या लोकांत ते बरं दिसलं नसतं.

ताटली पुढे आली. सोनेरी, कुरकुरीत, मीठ भुरभुरलेल्या चकत्या. सेक्रेटरींनी त्यातली एक उचलली. हात खाजेने लाल झाला होता.

तेवढ्यात बायकोनेही एक उचलली.

"तू कशाला?" ते दचकून म्हणाले. "ठेव. हा माझा उपद्व्याप आहे."

"तळलंय मी," ती म्हणाली. अभ्र्याचं विचारल्यापासूनचं तिचं पहिलंच वाक्य. मग फक्त त्यांना ऐकू येईल असं पुटपुटली, "एकट्याने खायचं नाही."

सेक्रेटरींना काहीतरी बोलायचं होतं, पण तिने चकती तोंडात टाकलीसुद्धा. त्यांनीही टाकली. दोघं एकमेकांकडे बघत चावू लागली. साहेबांनी पेन उघडून धरलं होतं. सेक्रेटरी जिभेच्या मुळाशी तो ओळखीचा कडूपणा कधी येतो याची वाट बघत होते. बायकोचा घास थांबला. त्यांनीही चावणं थांबवलं.

"काय झालं?"

"मीठ जास्त पडलं," ती म्हणाली आणि पुन्हा चावू लागली.

दोघांनी गिळलं.

"कसं लागतंय?" शेवटी बाईंनी विचारलं.

बायकोने ओठ पुसले. थोडा विचार केला. "बटाट्यासारखं."

"बटाट्यासारखं?" मागून आवाज आला.

"अगदी बटाट्यासारखं." मग तिने नवऱ्याकडे मान वळवली. "बटाटे घरात होते."

हसू आधी बाईंना फुटलं. मग पहिलवानाला, खांदा धरूनधरून. मग सगळं घर हसायला लागलं. ती नुसती गंमत नव्हती, सकाळपासून कोंडलेली भीती त्या वाटेने बाहेर पडत होती. हसून झाल्यावर सगळे थोडा वेळ या दोघांच्या तोंडाकडे बघत थांबले. दोघंही धडधाकट उभी होती. तेव्हा ताटलीकडे हात वळले. पाहुण्यांना एकेकच चकती, असा हुकूम बायकोने काढला. साहेबांनी कर्तव्य म्हणून एक घेतली आणि खात्री करण्यासाठी दुसरी. माजींनी आधी नको म्हटलं आणि मग सगळ्यात मोठी उचलली.

सेक्रेटरींनी खिळ्यावरून टाकीची किल्ली काढली आणि माजींसमोर धरली. "घ्या. मी आजपासून सेक्रेटरी नाही. त्या पदाला मी लायक नाही."

माजींनी किल्लीकडे बघितलं. तिच्यामागची न धुतलेली टाकी त्यांना बहुधा दिसली असावी. पाण्यासाठी खोळंबलेली घरं आणि साहेबांचा कागदही दिसला असावा. त्यांनी हात मागे घेतला.

"अहो, असं तडकाफडकी कसं?" ते फार समजुतीने म्हणाले. "आधी टाकी धुऊन घ्या. मग बघू सावकाश. पुढच्या वर्षी वगैरे."

मग दुसरं काही उरलंच नाही. सेक्रेटरी बादली, ब्रश आणि शिडी घेऊन गच्चीवर गेले आणि टाकीत उतरले. आत गार होतं. ब्रशाचा आवाज घुमत होता. आपण मेलो नाही, बाई मेल्या नाहीत, आणि बायको पुन्हा बोलायला लागली, एवढ्या तीन गोष्टींवर त्यांना सुखाने वर्षभर टाकी घासता आली असती. पहिलाच कोपरा होत आला असेल नसेल, तोच वरचा उजेड अडला. झाकणाच्या भोकातून माजींचं डोकं आत आलं होतं.

"सेक्रेटरीसाहेब, लवकर वर या! लिफ्ट अडकलीय."

"अडकू दे. मेकॅनिकला फोन करा."

"केलाय. पण आत पाणीखात्याचे साहेब आहेत." माजींनी आवाज खाली आणला. "आणि कागदावरचा रकाना अजून भरलेला नाही, असं ते आतून ओरडून सांगतायत."